देवाचे भय की देवाची माया?

२०२५ च्या सप्टेंबरअखेरीस मोहोळ व माढा तालुक्यांतील सीनाकाठच्या गावांत नवरात्राचे घट बसले आणि त्याच दिवसांत नदीचे पाणी गावांत शिरले. ज्या घरांत पाणी आले, त्या घरांतील घट, त्याखालची काळी माती आणि तीत पेरलेले धान्य वाहून गेले. शेतातील उभे पीकही गेले. एरवी आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या या भागाने पाण्याचे हे दुसरे रूप पाहिले. अशा प्रसंगी घरातील लहान मूल एक साधा प्रश्न विचारते आणि मोठी माणसे निरुत्तर होतात. देव आपल्यावर माया करतो, असे आजी रोज सांजवातीला सांगते. मग त्याने असे कसे केले?

या प्रश्नाला घरोघरी दोन उत्तरे ठरलेली असतात. पहिले म्हणजे देव कोपला. कोणाचे तरी काही चुकले. दुसरे उत्तर म्हणजे विषय बदलणे. पहिल्या उत्तराने मुलाच्या मनात भय बसते आणि दुसऱ्याने प्रश्न तसाच राहतो. सोलापूर जिल्ह्याच्या या पट्ट्यात मात्र तिसरे उत्तरही पिढ्यान् पिढ्या दिले गेले आहे. ते शब्दांत कमी आणि कामांत अधिक आहे. ऋतुमानाप्रमाणे येणारे सण, त्या सणांची घरातली आणि शेतातली कामे आणि त्या कामांत मुलांना मिळणारा वाटा, यांतून ते उत्तर मुलांपर्यंत पोहोचते.

मोहोळ हे पुणे-सोलापूर महामार्गावरील तालुक्याचे गाव. सोलापूर येथून सुमारे ३५ किलोमीटर, पंढरपूर सुमारे ४० किलोमीटर. ग्रामदैवत नागनाथ. तालुक्याच्या दक्षिणेला भीमा आणि पलीकडे मंगळवेढे. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तेही बेभरवशाचे. पाऊस परतताना जो काही पडतो, त्याच्या ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते. महाराष्ट्राच्या कोरडवाहू शेतीला दीर्घकाळ आधार देणारा मालदांडी ज्वारीचा ‘एम ३५-१’ हा वाण १९३० च्या दशकात मोहोळच्याच संशोधन केंद्रावर निवडला गेला, ही गोष्ट येथील अनेक शहरवासीयांनाही ठाऊक नसते. सांगायचा मुद्दा असा, की या मुलखात अन्न सहजासहजी मिळत नाही. म्हणूनच ते मिळाल्याचा आनंद आणि ते वाटण्याची रीत येथील प्रत्येक सणात आहे.

माउली हा शब्द

मुलांना देवाची ओळख कोणत्या नात्याने करून द्यावी, याचा निर्णय या प्रदेशाने फार पूर्वी करून ठेवला आहे. पंढरपूरच्या विठ्ठलाला येथे माउली म्हणतात. पुरुषरूपातील देवाला आई म्हणून हाक मारण्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही. जनाबाईंच्या नावावर असलेल्या एका सुप्रसिद्ध अभंगात तर विठ्ठल संतमंडळींना अंगाखांद्यावर, कडेवर घेऊन निघालेल्या लेकुरवाळ्या गृहस्थासारखा दिसतो. संत नामदेवांच्या बालपणीची नैवेद्याची कथा याच धाटणीची आहे. वडिलांनी नैवेद्य दाखवायला धाडलेल्या लहानग्या नामाला वाटते, की देव खरोखरच जेवणार. देव जेवत नाही म्हणून तो रडतो, हट्टाला पेटतो आणि अखेरीस देव जेवतो. या कथेतील मूल देवाला भीत नाही. ते देवावर रुसते. ज्याच्या मायेची खात्री असते, त्याच्यावरच मूल रुसते, हे कोणत्याही आईला सांगावे लागत नाही.

आधुनिक मानसशास्त्राचा अनुभवही याच्याशी मिळताजुळता आहे. अर्जेंटिनात जन्मलेल्या मनोविश्लेषक आना-मारिया रिझुतो यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बर्थ ऑफ द लिव्हिंग गॉड’ या ग्रंथात असे मांडले, की मुलाच्या मनातील देवाची प्रतिमा प्रवचनांपूर्वीच, आईवडील आणि जवळच्या माणसांच्या अनुभवांतून घडू लागते. देव कसा आहे, याचे पहिले चित्र मूल घरातल्या माणसांच्या चेहऱ्यांवरून काढते. मग ‘देव बघतोय हं, शिक्षा करील’ हे वाक्य दिवसातून चार वेळा ऐकणाऱ्या मुलाच्या मनात देवाचे कोणते चित्र उभे राहणार? दूध पिण्यासाठी, अभ्यासासाठी, भावंडांशी भांडू नये म्हणून देवाला पोलिसाच्या कामाला लावणे हा आपल्या घरांतील जुना शिरस्ता आहे. त्याने दूध पोटात जाते, पण माउली हा शब्द पोकळ होतो.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातील ‘मुकी फुले’ हे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. देवासाठी अधिक फुले मिळावीत म्हणून झाडावरच्या कळ्याच खुडून आणणाऱ्या मुलाला आई रागावत नाही. कळीला झाडावर उमलू द्यावे, हे ती त्याला समजावते. पूजेचे ताट भरण्यापेक्षा कळीची काळजी मोठी, असा देव त्या मुलाला आईकडून मिळतो.

घटाखालची माती

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी शेतातून माती आणण्याचे काम पूर्वापार मुलांकडे असते. माती चाळायची, पत्रावळीवर किंवा परडीत पसरायची, तीत ज्वारी, गहू, करडई, हरभरा असे घरात जे असेल ते पेरायचे आणि मधोमध पाण्याचा घट ठेवायचा. त्यानंतर नऊ दिवस त्या मातीला बेताने पाणी घालणे एवढेच काम. घट हलवायचा नाही, माती उकरून बघायची नाही. लहान मुलासाठी ही मोठीच कसोटी असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढुरका कोंब दिसतो आणि घरातले सर्वांत धाकटे मूल सर्वांना हाक मारत सुटते. दसऱ्याला ते पोपटी अंकुर देवाला वाहतात, टोपीत खोवतात, केसांत माळतात.

शेतकरी घरात या रिवाजाला व्यावहारिक अर्थही आहे. रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर बियाणे कसे उगवते, याची ती घरगुती चाचणीच होय. मुलाच्या दृष्टीने मात्र त्यात आणखी काही घडते. आपण दाणा टाकला, पाणी घातले, पण कोंब आपण काढला नाही. तो कोणीतरी आतून काढला, ही जाणीव त्याला कोणीही न सांगता होते. आपल्या हातून व्हायचे ते काम आणि आपल्या हाती नसलेले दान, यांतला फरक समजावणारे यापेक्षा सोपे साधन सापडणे कठीण.

योगायोग असा, की शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी स्पेनमधील बार्सिलोना येथे नेमका हाच मार्ग निवडला होता. ख्रिस्ती उपासनेत लागणारी भाकर आणि द्राक्षरस ज्यांपासून होतो, तो गहू आणि त्या द्राक्षवेली तेथील मुलांनी स्वतः लावाव्यात, वाढवाव्यात आणि त्यांची कापणी करावी, अशी ती योजना होती. पुढे १९३९ मध्ये माँटेसरी भारतात आल्या आणि दीर्घकाळ येथे राहिल्या. आपल्याकडील हजारो घरांत आश्विन प्रतिपदेला मुले मातीत बोटे घालून हेच करतात, हे त्यांनी पाहिले असते तर त्यांना आनंदच झाला असता.

खांदेमळणी

बैलांचा सण कोठे बेंदूर म्हणून येतो, कोठे पोळा म्हणून. तिथीही भागाभागांत वेगळी. विधी मात्र सारखा. आदल्या दिवशी खांदेमळणी. जुवाने घट्टे पडलेले बैलाचे खांदे कोमट पाण्याने शेकायचे, त्यांना हळद आणि तेल किंवा लोणी चोळायचे. दुसऱ्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचे नाही. त्याला धुवायचे, रंगवायचे, पुरणपोळी भरवायची. देवाच्या मायेविषयी पाच मिनिटे बोलण्याऐवजी मुलाचा हात बैलाच्या त्या घट्ट्यावर एकदा ठेवला, तर उपकार म्हणजे काय ते त्याला कळते.

आता दावणीला बैल फारसे उरलेले नाहीत. ट्रॅक्टर आले, शहरातील घरांत तर मातीचे बैलच पुजले जातात, तेही बाजारातून आणलेले. निदान ते बैल तरी मुलांनी घरी करावेत. चिखलाचा वाकडा बैल, एक शिंग मोडलेला, मुलाच्या आठवणीत राहतो. रंगीत साच्यातला राहत नाही. नागपंचमीचेही थोडे बोलले पाहिजे. ज्या गावाचे दैवत नागनाथ, तेथे सापाविषयी मुलांना काय शिकवले जाते, याला महत्त्व आहे. साप दूध पीत नाही. पकडून, उपाशी ठेवून पाजलेले दूध त्याला अपायकारकच ठरते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार साप पकडून खेळवणे गुन्हा आहे. पाटावर गंधाने नाग काढावा, लाह्या वाहाव्यात आणि बांधावरच्या जिवंत सापाला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे. मुलांना देवाची दया सांगायची आणि त्याच हाताने जिवाचा छळ दाखवायचा, ही विसंगती मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

शेतातील पंगत

या प्रदेशाचा खास असा सण म्हणजे मार्गशीर्षातील वेळ अमावास्या. सोलापूर, धाराशिव, लातूर आणि कर्नाटकाच्या सीमाभागात तो साजरा होतो. मुंबई-पुण्याकडील वाचकांना तो बहुधा अपरिचितच असतो. कन्नडमध्ये ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. ‘एळ्ळ अमावास्या’ या नावावरूनच वेळ अमावास्या, येळवस ही नावे आली, असे मानले जाते. डिसेंबरचा शेवट किंवा जानेवारीचा आरंभ. ज्वारी निसवलेली, हरभऱ्याला घाटे धरू लागलेले, तुरीच्या शेंगा भरलेल्या. थंडी अंगात मुरलेली.

आदल्या रात्री घरात कोणी लवकर झोपत नाही. सोलायचे दाणे, निवडायच्या भाज्या यांचे ढीग पडलेले असतात आणि मुलांना हक्काने कामाला बसवले जाते. तुरीचे, वालाचे, मटाराचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि रानात मिळतील तेवढ्या पालेभाज्या एकत्र शिजवून भज्जी होते. ताकात ज्वारीचे पीठ घालून आंबील. बाजरीचे उंडे. शेंगांच्या पोळ्या, गव्हाची खीर. सकाळी हे सगळे डोक्यावर, बैलगाडीत, आता बहुधा मोटारसायकलवर किंवा टेम्पोत घालून अख्खे कुटुंब शेतात जाते. कडब्याच्या पेंढ्यांची लहानशी कोप उभारलेली असते. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड. हे पांडव. त्यांची पूजा होते, नैवेद्य दाखवला जातो आणि शेताच्या चारी कडांनी आंबील शिंपडली जाते. ज्या मातीने दिले, तिला तिचे पहिले घास.

या सणाचा गाभा मात्र पूजेनंतर दिसतो. ज्यांचे शेत आहे, ते ज्यांचे नाही त्यांना जेवायला बोलावतात. शाळेतले गुरुजी, बँकेतले कारकून, बदलून आलेले अधिकारी, शेजारच्या बांधावरची माणसे, रस्त्याने जाणारा वाटसरू, कोणालाही हाक मारली जाते. एकाच दिवशी चार शेतांत जेवून आलेला मनुष्य हा या दिवसांतला नेहमीचा विनोद. पाहुण्यांना बोलावण्याचे काम मुलांचे. बांधावर उभे राहून, तोंडाभोवती हात धरून अनोळखी माणसाला जेवायला हाक मारणारे मूल काय शिकत असेल, याचा विचार शहरी पालकांनी करावा. अनोळखी माणसाशी बोलू नकोस, हे शिकवणे आज भागच आहे. पण आईबाप पाठीशी उभे असताना अनोळखी माणसाला जेवू घालण्याचा वर्षातला एक दिवसही मुलाच्या वाट्याला येऊ नये, ही उणीवच म्हणावी लागेल.

मोहोळहून पुण्याकडे जाताना, माढा तालुक्यात अरण हे संत सावता माळी यांचे गाव लागते. भाजीच्या मळ्यातच ज्यांना विठ्ठल दिसला आणि मळ्यातले काम हीच ज्यांनी पूजा मानली, त्या सावता महाराजांनी १२९५ मध्ये समाधी घेतली. ते पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्याकडे आला, अशी श्रद्धा आहे. त्यांच्या पुण्यतिथीच्या सुमारास, आषाढ वद्यात, पंढरपूरहून पांडुरंगाची पालखी अरणला येते. इतर संतांच्या पालख्या देवाकडे जातात. येथे देवाची पालखी माळ्याकडे येते. वेळ अमावास्येच्या पंगतीत मुलाला ही गोष्ट सांगितली, तर तिचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही.

पौषात संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी येते: तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मिसळीची भाजी, लोणी. त्याच सुमारास सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते, सात नंदीध्वज निघतात. ज्यांच्या नावाने ही यात्रा, त्या बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांची ओळख सोलापूरकरांना तळ्यावरून आहे. तहानलेल्या गावासाठी तलाव खोदवणे हीच शिवपूजा, असे त्यांनी मानले. नंदीध्वज पाहायला खांद्यावर बसून गेलेल्या मुलाला परतताना तळ्याच्या काठावर दहा मिनिटे थांबवावे. यात्रेचा पाळणा त्यानंतरही फिरतच असतो.

सगळेच माउली

आषाढात पंढरीची वाट गजबजते. शेगावहून सातशेहून अधिक किलोमीटर चालत येणारी गजानन महाराजांची पालखी सोलापूरनंतर मोहोळ तालुक्यातील कामतीमार्गे मंगळवेढ्याकडे जाते. वाटेवरची घरे भाकरी, पिठले, चहा घेऊन उभी असतात. मुलांच्या हाती तांब्या-पेला किंवा केळ्यांची फणी दिलेली असते. या सोहळ्यात मुलांच्या दृष्टीने सर्वांत विलक्षण गोष्ट कोणती? पांढऱ्या मिशांचा, धोतर नेसलेला म्हातारा वारकरी त्यांच्या हातून पाणी घेतो आणि त्यांनाच ‘माउली’ म्हणतो. कधी वाकून पायाशी हातही लावतो. वारीत सगळेच माउली. वय, जात, हुद्दा यांचा हिशेब तेथे नाही. घरात नेहमी खाली बघून ऐकून घेणाऱ्या मुलाला कोणी तरी देवाच्या नावाने हाक मारते, हा संस्कार लहान म्हणता येणार नाही.

एकादशीच्या आदल्या दिवशी शाळांच्या दिंड्या निघतात. छोटे विठ्ठल-रखुमाई, डोक्यावर तुळशी घेतलेल्या मुली, टाळ वाजवणारी मुले असे दृश्य आता महाराष्ट्रभर दिसते. ते गोड असते, यात शंका नाही. मात्र भाड्याचा पोशाख, छायाचित्र आणि बक्षीस एवढ्यावर दिंडी थांबली, तर मुलाच्या वाट्याला फक्त मिशीचा रंग येतो. त्याच दिवशी मुलांनी घरी एक मूठ पीठ मळून वाटेवरच्या माणसासाठी भाकरी थापली, तर बरे. भाकरी थापण्याचे काम मुलींचेच, असे समजणाऱ्या घरांनी जनाबाईंची आठवण ठेवावी. त्यांच्याबरोबर देव जात्यावर दळायला बसला, असे परंपरा सांगते. देव दळू शकतो, तर घरातल्या मुलाने पोळपाटाला हात लावायला हरकत नसावी.

या गोड चित्राला एक काळी किनार आहे आणि ती मुलांपासून लपवू नये. ज्या देवाला सर्वांची आई म्हटले, त्याच्या दारात शतकानुशतके काही लेकरांना प्रवेश नव्हता. मंगळवेढ्यात वास्तव्य असलेले आणि तेथेच कोसळलेल्या भिंतीखाली मरण पावलेले संत चोखामेळा यांची समाधी पंढरपूरच्या मंदिरात नव्हे, महाद्वाराबाहेर आहे. साने गुरुजींनी १ ते १० मे १९४७ असे दहा दिवस पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले, ते मंदिराची दारे दलितांना खुली व्हावीत म्हणून. त्यानंतर ती उघडली. देवाच्या मायेची गोष्ट सांगताना ही तारीख सांगणे अनेक घरांत टाळले जाते. पण सहावी-सातवीतले मूल हे स्वतःच वाचते आणि मग त्याला घरातल्या गोष्टींवर किती विश्वास ठेवावा, असा प्रश्न पडतो. वेळ अमावास्येच्या पंगतीत कोणाचे पान कोठे मांडले जाते, कोणाला हाक मारली जाते आणि कोणाला नाही, हेही ते बघत असते.

कोठाराची गोष्ट

सुरुवातीच्या प्रश्नाला येथून उत्तर मिळू लागते. पाऊस का पडला नाही, किंवा एवढा का पडला, याचे उत्तर संतांनी फारसे दिलेले नाही. दुष्काळात काय करावे, हे मात्र त्यांच्या कथांनी सांगितले. मोहोळच्या शेजारच्याच मंगळवेढ्याचे संत दामाजीपंत हे बहमनी राजवटीतले अधिकारी. मोठा दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून मरू लागली, तेव्हा त्यांनी सरकारी धान्याची कोठारे लोकांसाठी उघडली. आज्ञेवाचून केलेल्या या कृत्याची शिक्षा मृत्यू होती. तेव्हा विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन बिदरला जाऊन त्या धान्याचे मोल चुकते केले, अशी ही कथा.

या कथेत देव पाऊस पाडत नाही, दुष्काळ हटवत नाही. आधी माणूस कोठार उघडतो आणि मग देव त्याच्या पाठीशी उभा राहतो; तोही समाजाने सर्वांत खाली ढकललेल्या माणसाचे रूप घेऊन. मुलाच्या प्रश्नाला याहून प्रामाणिक उत्तर देणे अवघड आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडलेल्या आज्या अजून काही घरांत आहेत. त्या वर्षी कोणी काय खाऊ घातले, सुकडी कशी लागायची, ही त्यांची आठवण म्हणजे त्या घरापुरती दामाजींची गोष्टच. २०२५ च्या पुरानंतर महिनाभरातच दिवाळी आली. ज्या घरांतील मुलांनी आपल्या फराळातला डबा पूरग्रस्तांसाठी भरला, त्यांना वेगळे निरूपण लागले नसावे.

इतरांच्या अंगणात

हाच धागा या मुलखातील इतर धर्मांच्या घरांतही दिसतो. रमजान ईदच्या नमाजापूर्वी फित्रा देण्याची रीत आहे. गरिबाच्या घरी ईद पोहोचल्याखेरीज आपली ईद पूर्ण होत नाही, हे मुस्लिम घरातील मूल शिरखुर्म्याच्या वाटीआधी शिकते. सोलापूर आणि अहिल्यानगर भागातील मराठी ख्रिस्ती समाजात नाताळच्या करंज्या शेजारी वाटल्या जातात आणि सुगीनंतर शेतातला पहिला माल चर्चमध्ये अर्पण करण्याचीही प्रथा आहे. अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकात ‘बालबोधमेवा’ हे खास मुलांसाठी मासिक चालवले, ते मुलांशी मुलांच्या भाषेत बोलण्याची गरज ओळखूनच. बौद्ध घरांत देव ही कल्पनाच नाही. पण आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत वर्षावासात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे कुटुंबात वाचन होते आणि त्यातून मैत्री व करुणा या शब्दांची मुलांना ओळख होते. शब्द वेगळे, मुलाने आधी दुसऱ्याला द्यायचे, हा क्रम सारखा.

शहरातील घरांसाठी

शेत नाही, बैल नाही, आजी गावाकडे आणि सुट्टी एकच दिवस, ही आजच्या पुण्या-सोलापुरातील घरांची अडचण खरी आहे. पण अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठातील बार्बरा फीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये कौटुंबिक रिवाजांवरील पन्नास वर्षांच्या संशोधनाचा जो आढावा घेतला, त्यात दैनंदिन शिरस्ता आणि रिवाज यांत फरक केला आहे. शिरस्ता काय करायचे ते सांगतो. रिवाजातून आपण कोण आहोत ते समजते. असे रिवाज जपणाऱ्या कुटुंबांत मुलांचे स्वास्थ्य आणि घरातील नाती यांना आधार मिळतो, असे त्यांना दिसले. त्यासाठी भव्यता लागत नाही. तीच गोष्ट, त्याच ऋतूत, त्याच माणसांनी पुन्हा करावी लागते.

घट सदनिकेच्या गॅलरीतही बसतो. चैत्रात गच्चीवर पाखरांसाठी पाण्याचे परळ ठेवून ते रोज भरण्याचे काम मुलाला देता येते. मोहोळसारख्या ठिकाणी पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दुपारपर्यंत ते कोरडे पडते आणि मुलाला दिवसातून दोनदा जावे लागते. भोगीची भाजी निवडायला मुले बसू शकतात. वेळ अमावास्येला शेत असलेल्या ओळखीच्या घरी जाता येते. बोलावणे मागावे लागत नाही. पथ्य एवढेच, की मोठ्यांनी बरोबर बसावे. मुलाला कामाला लावून आपण दूरचित्रवाणीसमोर बसलो, तर मुलाला वेठ तेवढी समजते. उपवासाची सक्ती करू नये. काम बिघडले तर देवाचा धाक घालू नये.

कधी कधी घटातले धान्य उगवतच नाही. पाणी जास्त झाले, बी किडके निघाले, काहीही होते. काही घरांत त्याचा अपशकुन मानून कुजबुज सुरू होते आणि मूल रडवेले होते. जाणत्या आज्या अशा वेळी फार बोलत नाहीत. माती थोडी कोरडी करतात, पदराच्या गाठीतून मूठभर नवी ज्वारी काढतात आणि पोराच्या हातावर ठेवतात.